तो आपल्याच बीडचा!

बाहेरगावी कुणी ‘तुम्ही कुठले?’ म्हणून विचारलं आणि ‘बीड’ असं उत्तर दिलं, की समोरच्याच्या आवाजात एकदम माया येते. ‘यंदा पाऊस कसाय तिकडं?’ असं तो विचारतो. माणूस जरा वर्तमानपत्र वाचणारा असेल तर ऊसतोडीवर येतो, जास्त वाचणारा असेल तर राजकारणावर. खवय्या असेल तर सीताफळाची चौकशी करतो. गाण्याचं मात्र कुणी विचारत नाही. मिरजेच्या माणसाला लोक तंबोऱ्याबद्दल विचारतात, कोल्हापूरच्याला अल्लादियाखाँसाहेबांबद्दल. धारवाडचा माणूस तर नुसता खाकरला तरी लोक मान डोलवायच्या तयारीत बसतात. बीडच्या माणसानं गुणगुणायला घेतलं, तर ‘बरं वाटत नाही का?’ म्हणून पाणी आणून देतात.

या अन्यायावर बीडकरानं फार वर्षांपूर्वी एक उपाय शोधून काढला. तो उपाय म्हणजे जमेल त्या थोर माणसावर हक्क सांगणं. ‘तो आपल्याच बीडचा!’ हे वाक्य आमच्याकडं चहाच्या टपरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत दिवसातून कितीदा तरी उच्चारलं जातं. वाक्य साधं दिसतं, पण त्यामागं एक पक्की नियमावली आहे. ती कुठं लिहिलेली नाही. लहानपणीच कानावर पडून पाठ होते.

पहिला नियम समाधीचा. ज्याची समाधी आमच्याकडं, तो आमचा. मराठीचे आद्यकवी मुकुंदराज यांची समाधी अंबाजोगाईला आहे. त्यांनी ‘विवेकसिंधु’ लिहिला तो ११८८ साली, म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही शंभर वर्षं आधी. आता विदर्भातले लोक म्हणतात, मुकुंदराज आमच्या अंभोऱ्याचे. विद्वानांनी दोन्ही बाजूंनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. अंबाजोगाईच्या माणसाला त्या वादाचं काहीच वाटत नाही. ‘त्यांना म्हणावं, मुकुंदराज तिकडं जन्मले असतील तर असू द्या. राहिले कुठं? आमच्यात!’ एवढं बोलून तो दुसरा चहा मागवतो.

दासोपंतांच्या बाबतीत तर वादच नाही. ते मूळचे नारायणपेठचे, पण आयुष्य काढलं अंबाजोगाईत आणि १६१५ मध्ये देह ठेवला तोही इथंच. लिहिण्याचा त्यांचा उरक असा, की गीतेवरच्या एका ‘गीतार्णवा’च्याच सव्वा लाख ओव्या सांगतात. त्यांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागायची, अशी आख्यायिका आहे. कागद पुरेना म्हणून की काय, ‘पंचीकरण’ त्यांनी कापडावर लिहून काढलं. ती पासोडी सुमारे २४ हात लांब आहे. आजच्या लेखकांनी ती एकदा जाऊन पाहावी. प्रकाशकानं पानांची मर्यादा घातली म्हणून कुरकुरणारा माणूस तिथून नम्र होऊन परत येतो. पण मला दासोपंत आवडतात ते त्यांच्या पदांसाठी. ग्रंथ वाचायला निवांतपणा लागतो, पद गुणगुणायला लागत नाही. ओव्यांच्या या महासागरात बसलेल्या माणसाला अधूनमधून गावंसंही वाटत होतं, हे कळलं की त्यांची भीती कमी होते.

परळीचे जगमित्र नागा हेही याच नियमातले. नामदेवांच्या काळातल्या या भक्ताला म्हणे एका अधिकाऱ्यानं हुकूम केला की घरात लग्न आहे, वाघ घेऊन ये. नागा रानात गेले, देवाची आळवणी केली आणि खरोखरचा वाघ घेऊन दारात हजर झाले. मग तो अधिकारीच वाघ परत न्या म्हणून गयावया करू लागला. सरकारी कचेरीत खेटे घालून दमलेल्या कुठल्याही बीडकराला ही गोष्ट सांगून बघा. तो डोळे मिटून, अगदी तल्लीन होऊन ऐकतो.

दुसरा नियम शाळेचा. ज्यानं आमच्या पोरांना शिकवलं, तो आमचा. स्वामी रामानंद तीर्थ जन्मले विजापूरकडच्या सिंदगीला, पण हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेनंतर ते अंबाजोगाईला शिकवायला आले. गावाचं नाव तेव्हा मोमिनाबाद होतं. तिथूनच ते हैदराबादच्या मुक्तिलढ्यात उतरले. आज अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांचंच नाव आहे. ‘आशिया खंडातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय,’ असं आम्ही पाहुण्याला सांगतो. आशियापेक्षा लहान खंडात आमचं भागत नाही.

तिसरा नियम मतपेटीचा. क्रांतिसिंह नाना पाटील साताऱ्याचे, हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. पण १९६७ साली ते लोकसभेवर निवडून गेले ते बीडमधून. तेव्हा नानांचं प्रतिसरकार साताऱ्याचं आणि खासदार बीडचा, अशी आमची वाटणी आहे. साताऱ्याला ती मान्य आहे की नाही, हे आम्ही विचारलेलं नाही.

चौथा नियम जन्माचा आणि तो फार सैल आहे. कसोटीत खेळलेला संजय बांगर १९७२ साली बीडला जन्मला. तेवढं आम्हाला पुरतं. तो सलामीला जाऊन तासन्‌तास खेळपट्टीवर उभा राहायचा, तेव्हा टीव्हीपुढं बसलेला बीडकर म्हणायचा, ‘पावसाची वाट बघायची सवय आहे आपल्या माणसाला.’ आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे तर पूर्णच आमचा. तीन हजार मीटरच्या स्टीपलचेसमध्ये त्यानं २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं. या शर्यतीत सात वेळा पाण्यावरून उडी मारावी लागते. ज्या जिल्ह्यात पाण्याकडं धावत जायची रीत, तिथल्या पोरानं पाणी टाळून पुढं धावावं आणि त्याबद्दल पदक मिळवावं, यातली गंमत बाहेरच्यांना कळायची नाही. माजलगावचा संदीप पाठक रंगभूमीवर एकटा उभा राहून ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ मधली सगळी पात्रं वठवतो, तेव्हाही आमची छाती फुगते. एका तिकिटात एवढी माणसं देणं हे बीडच्याच माणसाला जमावं!

आणि पाचवा नियम, सगळ्यांत धाडसी. ज्याचा गुरू आमचा, त्याचं सगळं आमचं. बीडच्या पूर्वेला मन्सूरशाहवलींचा दर्गा आहे. महादजी शिंदे त्यांना गुरुस्थानी मानत. पानिपतातून वाचलेला आणि पुढं दिल्लीवर जरब बसवणारा हा सेनानी बीडच्या फकिरापुढं मस्तक ठेवत होता. याच शिंद्यांची ग्वाल्हेर. त्याच ग्वाल्हेरच्या दरबारात पुढं हद्दूखाँ-हस्सूखाँ गायले आणि ख्यालाची ग्वाल्हेर गायकी उभी राहिली. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ती महाराष्ट्रात आणली आणि मिरज-पुणे-मुंबई तिच्यावर पोसली. आता बघा, ग्वाल्हेर शिंद्यांची, शिंदे मन्सूरशाहवलींचे, आणि मन्सूरशाहवली बीडचे. म्हणजे महाराष्ट्रातला सगळा ख्याल मुळात कुठला? हा युक्तिवाद संगीताच्या कुठल्याही परिसंवादात पाच मिनिटं टिकायचा नाही. बीडच्या बिंदुसरा नदीकाठी मात्र तो अजून कुणाला खोडता आलेला नाही.

एवढा खटाटोप करून यादी लांबवायची, आणि तरीही एक गोष्ट मला खटकत आली आहे. यादीतले बहुतेक लोक एक तर बाहेरून येऊन इथं राहिले, नाहीतर इथं जन्मून बाहेर गेले. इथंच जन्मले, इथंच राहिले आणि इथल्याच लोकांसाठी आयुष्यभर वाजवत-गात राहिले, त्यांचं काय? त्यांच्यासाठी आमच्या नियमावलीत कलमच नाही.

असे लोक शोधायचे तर सप्ताहात जावं लागतं. अखंड हरिनाम सप्ताह हीच आमच्या जिल्ह्याची खरी संगीतसभा. दसरा-दिवाळी झाली की कोयते बांधून अर्धं गाव ऊसतोडीला जातं आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतं. मग गावोगाव मांडव पडतात. पहाटे काकडा, सकाळी पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर. पुण्याचे रसिक पाच दिवसांचा महोत्सव ऐकून दमतात. आमची म्हातारी माणसं सात दिवस ऐकून आठव्या दिवशी काल्याच्या पंगतीत वाढायला उभी असतात. या परंपरेला तालेवार घराणंही आहे. नेकनूरचे बंकटस्वामी हे जोगमहाराजांच्या शिष्यांपैकी. जोगमहाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथं बंकटस्वामींनी विद्यार्थी घडवले. भगवानगडाचे भगवानबाबा त्यांच्याच हाताखाली शिकले. कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीपाशी कार्तिकी पौर्णिमेला भजनाचे फड रंगतात, शहरात दर्ग्याच्या उरुसाला कव्वाली होते. कानांची उपासमार अशी या जिल्ह्यात कधी झाली नाही.

सप्ताहाच्या पत्रिकेवर कीर्तनकाराचं नाव फोटोसह, ठळक अक्षरांत असतं. त्याखाली पंगत देणाऱ्यांची नावं, त्याखाली पुढाऱ्यांची. मग लाउडस्पीकरवाल्याचं, मंडपवाल्याचं. आणि अगदी तळाशी, घडी पडते तिथं, ‘मृदंगाचार्य’ आणि ‘गायनाचार्य’. ‘आचार्य’ ही पदवी आमच्याकडं फार उदारपणे दिली जाते. जागा मात्र तेवढ्या उदारपणे दिली जात नाही.

आमच्या गावचे मृदंगाचार्य दिवसा शिंपीकाम करायचे. शिलाई मशीनचं पॅडल ते लयीत मारत आणि मनातल्या मनात बोल घोळवत. चालीचा कैफ चढला की हातातल्या विजारीचं भान सुटायचं. गावात निम्म्या माणसांची एक तंगडी दुसरीपेक्षा बोटभर लांब असायची, पण कुणी तक्रार करत नसे. विजार नीट हवी असेल तर तालुक्याला जावं आणि अभंग नीट हवा असेल तर गावात थांबावं, असा समंजस तोडगा निघाला होता. पेटी वाजवणारे गुरुजी वेगळेच. त्यांच्या पेटीचा एक सूर दाबला की चिकटून बसायचा. गाणारा पुढं निघून गेला तरी तो सूर मागं रेंगाळत राहायचा. पाहुणा गवई गोंधळून जाई. गावकरी म्हणत, ‘तुम्ही गा महाराज, ती येईल मागून.’

मृदंगाचा, म्हणजे पखवाजाचा थाट तर राजेशाही. उजव्या पुडीला कायमची शाई, पण डाव्या, धूम पुडीला दर वेळी ताजी भिजवलेली कणीक लागते. तीही गव्हाची. आमचा मुलूख ज्वारीचा. गव्हाची पोळी सणासुदीला, नाहीतर जावई आला तर. अशा घरांतून सप्ताहाच्या दिवसांत पखवाजासाठी रोज गव्हाच्या पिठाचा गोळा निघायचा. ‘माणसाला भाकर आन् मृदंगाला पोळी!’ असं पुटपुटत आजी पीठ काढून द्यायची. आणि पखवाजाची पहिली थाप घुमली की तीच सगळ्यात आधी मांडवात जाऊन खांबाला टेकायची. दुष्काळात सरकारनं काय काय दिलं याच्या नोंदी तहसिलात मिळतील. दुष्काळात गावानं पखवाजाची कणीक बंद केली नाही, याची नोंद कुठंच नाही.

याच साथीच्या वाद्यानं जिल्ह्याला पद्मश्री मिळवून दिली. अंबाजोगाई तालुक्यात आपेगाव नावाचं गाव आहे. ज्ञानेश्वरांच्या पूर्वजांचं आपेगाव वेगळं, ते पैठणजवळ, गोदाकाठी. बाहेरचे लोक दोन्हींत घोटाळा करतात आणि आमचे लोक तो फार घाईनं दुरुस्त करत नाहीत. या आपेगावचे शंकरबापू आपेगावकर. वारकऱ्यांच्या मांडवात ऐकू येणारा पखवाज त्यांनी मैफलीच्या मंचावर मानानं नेऊन बसवला आणि देशानं त्यांना ‘पद्मश्री’नं गौरवलं. त्यांचे पुत्र उद्धवबापू यांनी तो वारसा पुढं चालवला. कीर्तनकाराच्या मागं उभा राहणारा माणूस पुढं येऊन एकटा बसला, त्यानं नुसत्या पखवाजावर सभा धरून ठेवली, आणि हे घडलं आमच्यासारख्या कोरडवाहू मुलखातल्या घराण्यात, ही साधी गोष्ट नाही. इथं कुठलाच नियम ताणावा लागत नाही. जन्म इथला, कान इथला, मातीही इथली.

आणि ऐकणारेही इथले, हे विसरू नये. अंबाजोगाईला भगवानराव लोमट्यांनी यशवंतराव चव्हाणांच्या नावानं स्मृती समारोह सुरू केला. दर नोव्हेंबरात तिथं साहित्याबरोबर शास्त्रीय संगीत असतं. बालाघाटाच्या डोंगरावरची बोचरी थंडी, मफलर गुंडाळलेले श्रोते, आणि रागाचं नाव ठाऊक नसतानाही समेवर बरोबर पडणारी मान. ही मान सप्ताहात तयार झालेली आहे. विलंबित एकतालाचं त्यांना काही सांगू नका, पण सम कुठं आली ते सांगायची गरज पडत नाही. याच गावात १९८३ साली मराठी साहित्य संमेलन झालं, व्यंकटेश माडगूळकर अध्यक्ष होते. बीडला २००९ मध्ये नाट्यसंमेलन झालं, तेव्हा अध्यक्षस्थानी होते नाट्यसंगीतातले रामदास कामत. बीड शहरात रेल्वे आली ती सप्टेंबर २०२५ मध्ये. तोवर जो कुणी गवई, नट, लेखक बीडला आला तो एसटीनं किंवा गाडीनं, हाडं खिळखिळी करून घेत आला. तरीही येऊन गायला, हे त्याचं मोठेपण आणि आमच्या कानांचंही.

हे सगळं असताना बीडचा माणूस गाण्याच्या बाबतीत एवढा संकोचतो का? मला वाटतं, आम्ही गाण्याला कधी ‘कला’ म्हटलंच नाही. पेरणी, ऊसतोड, तशी हरिपाठाची साथ. जे रोजचं असतं त्याची नोंद कोण ठेवतो? भाषणाची नोंद राहते. गोपीनाथ मुंडे आणि प्रमोद महाजन, दोघांचीही जडणघडण अंबाजोगाईत झाली, आणि त्यांच्या सभांच्या आठवणी आमच्याकडं आजही तारीख-वारासह सांगितल्या जातात. कोणत्या वाक्याला टाळी पडली, कोणत्या वाक्यावर विरोधक उठून गेले, सगळं पाठ. पण त्याच मैदानावर, त्याच लाउडस्पीकरवरून, आदल्या रात्री ज्यानं चार तास पखवाज वाजवला त्याचं आडनाव विचारलं तर माणसं एकमेकांकडं बघतात. ‘ते आपले... मृदंगवाले... कोण बरं ते... पलीकडच्या वाडीचे.’

आमच्या शिंपीबुवांचंही तेच झालं. ते गेले तेव्हा दहाव्याला कीर्तन झालं, साथीला त्यांचाच एक शिष्य होता. वर्तमानपत्रात बातमी आली ती कीर्तनकाराची. दिवंगताचा उल्लेख ‘गावातील एक ज्येष्ठ नागरिक’ असा होता. ज्या माणसानं तीन पिढ्यांना सम दाखवली, तो शेवटी मतदारयादीपुरताच उरला. पेटीवाल्या गुरुजींची पेटी त्यांच्या मुलानं मोडीत काढली. चिकटणाऱ्या त्या सुराला गिऱ्हाईक कुठून मिळणार!

मुकुंदराज अंबाजोगाईचे की अंभोऱ्याचे, हा वाद विद्वानांनी खुशाल आणखी शंभर वर्षं चालवावा. आठशे वर्षांपूर्वीच्या माणसाबद्दल एवढा प्रश्न पडतो, कारण तेव्हा जवळच्या लोकांनी नीट लिहून ठेवलं नाही. आपण तरी निदान आपल्या डोळ्यांसमोरच्या माणसांबद्दल पुढच्यांना असा घोळ ठेवू नये. थोरांवर हक्क सांगायची आमची खोड काही जाणार नाही, आणि ती जाऊही नये. फार निरुपद्रवी आणि फार करमणुकीची खोड आहे ती. पण त्या यादीत एक सहावं कलम घालायला हरकत नाही: जो इथंच राहिला आणि ज्यानं इथल्यांना ताल दिला, तोही आपल्याच बीडचा.

तेव्हा बीडच्या, आणि बीडसारख्या सगळ्याच जिल्ह्यांतल्या सप्ताह कमिट्यांना माझी एवढीच विनंती आहे. यंदा पत्रिका छापायला टाकाल तेव्हा मृदंगाचार्यांचं आणि पेटीवाल्यांचं नाव वर घ्या. गावासकट, पूर्ण आडनावासह, कीर्तनकाराच्या नावाएवढ्याच अक्षरांत छापा. जागा कमी पडत असेल, तर एका पुढाऱ्याचा फोटो काढा. तो रागावणार नाही, आणि रागावलाच तर त्याला पहिल्या ओळीत बसवून पखवाज ऐकवा.